जुना वाडा, नव्या सोयी

मैत्रिणींनो, वैशाखात बीड, अंबाजोगाई, परळीकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबच्या घरात रात्रीही भिंती निवत नाहीत. मग सासरचा माळवदाचा वाडा आठवतो. जाड दगड-मातीच्या भिंतींतून ऊन आत यायला वेळ लागतो, चौकातून गरम हवा वर निघून जाते. तरी सुनांना वाडा नकोसा वाटतो, कारण अंधारं स्वयंपाकघर, गैरसोयीची न्हाणी आणि पावसाळ्यातली गळती. या तक्रारी खऱ्याच, पण तेवढ्यासाठी वाडा पाडायलाच हवा असं नाही.

मात्र ओट्याआधी भिंत बघा बरं का! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात जवळजवळ ८,००० माणसं गेली, बहुतेक अशाच घरांखाली दबून. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षं माती चढवली जाते आणि ओझं वाढत जातं. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसले, तर हादऱ्याने भिंत फुटते. म्हणून जाणत्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ही तीन कामं आधी करून घ्या: माळवदावरची जादा माती उतरवणं, भिंतीत जागोजागी आरपार दगड बसवणं आणि खांब-तुळयांचे सांधे तिरप्या आधारांनी पक्के करणं. भिंत फुगलेली असेल आणि दुरुस्ती होणार नाही असं त्यांनी सांगितलं, तर मोह सोडा. चौक नव्या घरातही ठेवता येतो.

आता सोयी. पाण्याची टाकी माळवदावर ठेवू नका. १,००० लिटर पाणी म्हणजे १० क्विंटल वजन! ती परसात वेगळ्या खांबांवर उभारा. संडास-न्हाणीही परसाकडे, स्वतंत्र भिंतींची असावी, कारण मातीच्या भिंतीत ओल मुरली की दगड सुटू लागतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, ओल आत कोंडते. चुन्याचा द्यावा. ओटा चौकाच्या बाजूला घ्या, उजेड मिळेल. कोनाडे बुजवू नका, डबे-बरण्यांची आयती सोय होते.

खर्चाचा हिशेब मांडताना तुम्हीही बसा. गारवा हवाच, पण त्याच माळवदाखाली रात्री मुलं निजतात. तेव्हा फरशीचा रंग मागाहून ठरवा, इंजिनिअरला आधी बोलवा.