जुने फिरते घर घेताना

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. पावसाचेही तेच दिवस. वाचकहो, जुनी कॅरव्हॅन पाहायला जायचे असेल, तर अशाच पावसात जावे. ताजा रंग उन्हात फसवतो; पाणी मात्र खरे सांगते.

छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा, कपाटांचे कोपरे हाताने चाचपावेत. कुबट वास आला किंवा तळफळी पायाखाली दबली, तर आतील लाकूड कुजल्याची शंका घ्यावी. टायरवरील चार अंक वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गॅसची नळी व वीजजोडणी जाणकाराला दाखवावी.

मग कागदपत्रे. चासी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळवावा, कर्जाचा बोजा उतरला आहे का पाहावे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी व पुढे दर ५ वर्षांनी नूतन करावी लागते. साध्या गाडीत मागाहून खाटा, शेगडी बसवली असल्यास तो बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेला हवा. अन्यथा अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

ज्या छताखाली घरची मुले व वडीलधारी मंडळी निजणार, त्याची परीक्षा पैसे मोजण्याआधीच व्हावी.