मोजमाप कोणाच्या हाती?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तेथील भट्टीत जाळून संपविण्यात आला. चिमणीवर स्वयंचलित यंत्रांची अहोरात्र नजर होती, सारे आकडे मर्यादेतच होते, अशी ग्वाही मध्य प्रदेश सरकारने दिली. जणू यंत्राने साक्ष दिली, खटला निकाली निघाला!

ही साक्ष नीट तपासली पाहिजे. चिमणीवरची ती यंत्रे धूळ, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल यांसारखे घटक क्षणोक्षणी दाखवितात. परंतु क्लोरीनयुक्त कचरा जळताना ज्याची खरी धास्ती असते ते डायऑक्सिन हे फलक दाखवीत नाहीत. त्यासाठी कित्येक तास वायूचा नमुना खेचावा लागतो आणि तो मोजक्याच सुसज्ज प्रयोगशाळांतून तपासून घ्यावा लागतो. पारा तर कोणत्याही ज्वाळेने नष्ट होत नाही. तो एक तर वर जातो, नाही तर राखेत राहतो. आणि चुना वगैरे मिसळून उरलेली राखच ८०० टनांहून अधिक आहे.

मुळात जाळले किती? राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था व राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या २०१० च्या अहवालाने दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला होता. म्हणजे दर दहा हजार टनांमागे तीन टन हलले, बाकीचे जागच्या जागी आहे.

आमचा विरोध यंत्राला नाही. मातीतील जड धातू काही मिनिटांत ओळखणारे हातातील क्ष-किरण उपकरण, विहिरीत आठवडेच्या आठवडे सोडून द्रावके टिपणारा नमुनाग्राहक, जमिनीच्या विद्युतरोधावरून विषाचा प्रवाह शोधण्याची पद्धत ही सारी विज्ञानाची देणगी आहे आणि ती कष्टकऱ्यांच्या उपयोगी पडलीच पाहिजे. प्रश्न आहे तो मोजणारा कोण आणि आकडा कोणाच्या कपाटात पडतो, हा.

कारण भोपाळमध्ये अडले ते ज्ञानावाचून नव्हे. सांडपाण्याची तळी गळतात हे कंपनीच्या अंतर्गत संदेशांत १९८२ सालीच नमूद होते. तरीही भोवतालच्या वस्त्यांतील बायाबापड्या वर्षानुवर्षे हातपंपाचेच पाणी भरीत राहिल्या. भूजलातील क्लोरीनयुक्त द्रावके व मातीतील पारा यांचा बोभाटा १९९९ मध्ये झाला, तो ग्रीनपीससारख्या बाहेरच्या संघटनेने नमुने तपासल्यामुळे. (तिच्या राजकारणाशी आपले जमत नाही, ही गोष्ट वेगळी.) शुद्ध पाण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला तो २००४ मध्ये. २००१ साली युनियन कार्बाइड गिळणारी डाऊ कंपनी मात्र सफाईची जबाबदारी सतत नाकारीत आली आणि खर्चाचा बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवर पडला.

म्हणून ‘अत्याधुनिक देखरेख’ या शब्दाला भुलून चालणार नाही. पीथमपूरच्या राखेचे व भूजलाचे नमुने कामगार संघटना आणि ग्रामस्थांच्या प्रतिनिधींसमक्ष घेतले जावेत. प्रत्येक नमुन्याचा एक भाग त्यांच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत जावा. निकाल हिंदीत, वस्तीच्या चावडीवर लावले जावेत. आणि भोपाळच्या ११ लाख टनांच्या सफाईचे वेळापत्रक सरकारने जाहीर करून तिचे बिल डाऊच्या दारात न्यावे.