दुखणं दबतं, पण किडनीचं काय? ऊसतोड मजुरांच्या गोळीचा हिशोब

ऊसतोडीत कंबर धरली की मजूर मेडिकलवरून गोळी आणतो आणि परत फडात उतरतो. डायक्लोफेनॅकसारखी गोळी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरी ती सुटी मिळते. दवाखाना लांब, आणि एक दिवस पडून राहिलं तर खाडा कापला जातो.

ही गोळी शरीरातलं जे रसायन दाबून दुखणं थांबवते, तेच पोटाचं अस्तर सांभाळतं आणि किडनीचा रक्तपुरवठा टिकवतं. उन्हात अंगातलं पाणी कमी झालं किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असल्या, तर धोका आणखी वाढतो. जोडीला अॅसिडिटीची गोळी घेतली तर पोट थोडंफार वाचतं, किडनी नाही.

शौचाला काळं होणं, पायावर सूज, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच सरकारी दवाखाना गाठावा. महिनोन्‌महिने गोळी खाणाऱ्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर करता येते.

पण नुसतं ‘गोळ्या खाऊ नका’ सांगून भागणार नाही. फडाजवळ तपासणी आणि आजारपणात खाड्यातून सूट मिळाल्याशिवाय ही गोळी सुटणं अवघड आहे.