डोंगराचा दोष काय?

पावसाळा आला की सह्याद्री हिरवा होतो आणि वर्तमानपत्रांचे रकाने काळे होतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब वाहून गेले व त्यातील पाच जणांचा बळी गेला. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना कवटाळून उभी राहिलेली ती माणसे ज्यांनी चित्रफितीत पाहिली, त्यांना तो देखावा विसरता येणार नाही.

अशा घटनांना ‘अपघात’ म्हणून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. घाटमाथ्यावर सर कोसळली की कातळात न मुरणारे पाणी घटकाभरात खाली धावते. खाली त्या वेळी पाऊस असतोच असे नाही. शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. पायथ्याच्या गुराख्यालाही ठाऊक असलेली ही गोष्ट शहरातून दोन तासांत येऊन थडकणाऱ्या पाहुण्यास ठाऊक नसते. खरे दुखणे हेच आहे.

भुशीच्या दुर्घटनेनंतर बंदीहुकूम निघाले. परंतु हुकूम फाटकावर चिकटतो. कड्यावर माणूस नसतो. हरिहरच्या अरुंद, उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, तेथे हुकमाने काय साधणार? तेथे माणसे मोजून सोडणारा हवा. शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याची कसोटी मंत्रालयात नव्हे, धबधब्याच्या काठी लागावयाची आहे.

तोवर भार पडतो तो लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांच्या तरुणांवर. भर पावसात, रात्री-अपरात्री, दोराच्या आधाराने ते दरीत उतरतात, तेही विनावेतन. त्यांच्या शौर्याला आमचा मुजरा; पण ते शौर्य शासनाच्या अनास्थेवरील पांघरूण होता कामा नये. वाहनतळाच्या व प्रवेशाच्या शुल्कातील ठरावीक वाटा त्यांच्या साधनांसाठी राखून ठेवावा. गावच्या जाणत्या तरुणांना वाटाडे म्हणून शिकवून वेतनावर नेमावे. आणि ‘आता पुढे जाऊ नका’ या त्यांच्या शब्दाला कायद्याचे बळ द्यावे, अशी आमची मागणी आहे.

दोन शब्द पर्यटकांसही. मावळ्यांचा जयजयकार करीत गड चढणाऱ्यांनी त्यांचे शहाणपणही उचलावे. वेळ पाहून माघार घेणे हा गनिमी काव्यात कमीपणा नव्हता. डोंगरातही तो नाही!