धंदा विचारल्याशिवाय निदान नाही

मनगट लुळे पडलेला चाळिशीतला रुग्ण समोर बसला, की आपण चटकन मानेचा एमआरआय लिहून मोकळे होतो. पण बोटे सरळ होत नाहीत, हात दुखत नाही, बधिरपणा नाही, ब्रेकिओरेडिॲलिस स्नायू मात्र धडधाकट, असे चित्र असेल तर आधी विचारावे : काम काय करता? ‘भंगाराचा धंदा’ एवढेच उत्तर येते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतो, हे पुढच्या प्रश्नाशिवाय कळत नाही.

रिस्ट ड्रॉप ही फार पुढची गोष्ट. शिसे कॅल्शियमची जागा बळकावून चेतापेशींमधली देवाणघेवाण बिघडवते. त्यामुळे प्रौढांत आधी चिडचिड, विसराळूपणा, झोपमोड, डोकेदुखी दिसते. जोडीला पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि ॲनिमिया असेल, तर प्रत्येक तक्रारीची वेगळी गोळी देऊन भागणार नाही.

ब्लड लेडसाठी सीरम नव्हे, पूर्ण रक्त पाठवावे. रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते. पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक असल्यास शिशाचा उगम शोधून उपाय करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक सूचना सांगते. उगम कारखान्यातच असेल असे नाही. शिशापासून बनवलेल्या नागभस्माच्या पुड्यांचीही चौकशी करावी. काम सोडल्यावर रक्तातला आकडा साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतो; पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. प्रौढांच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत दशकानुदशके मुक्काम करते आणि गरोदरपणात किंवा हाडे ठिसूळ होताना पुन्हा रक्तात उतरते. संपर्क न तोडता चिलेशन देणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

कारखाना अधिनियम, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, शिशाची विषबाधा होती. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. निव्वळ संशय असला तरी लेखी कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आहे. एका कामगाराची नोंद झाली, तर त्याच भट्टीवरच्या बाकीच्यांचीही तपासणी होऊ शकते.

म्हणून केसपेपरवर ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ लिहून थांबू नये. रोज कोणता धातू हाताळतो, कोणता धूर नाकात जातो आणि कामाचे कपडे घरी कोण धुते, हेही तिथेच लिहावे.