जेवणाच्या टेबलावरचा शब्दकोश

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला कन्नड जेमतेम येत होतं. एकदा सासऱ्यांचे थोरले भाऊ दारात आले आणि मी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "बा!" बा म्हणजे ये. अर्थ अगदी बरोबर. पण आतून अत्ती "बर्री, बर्री" म्हणत धावत आल्या आणि त्या 'बा'वरून माझी चेष्टा पुढे कितीतरी दिवस चालली. शब्दाचा अर्थ कळणं वेगळं आणि तो कुणाशी वापरायचा हे कळणं वेगळं, हे आपल्याकडच्या सुनांना वेगळं सांगायला नको.

म्हणूनच मारिया मोलिनेर ही स्पॅनिश बाई मला जवळची वाटते. तिनं एकटीनं स्पॅनिशचा कोश रचला आणि त्याला नावच दिलं 'वापराचा कोश'. शब्द कोणत्या शब्दासोबत येतो, वाक्यात कसा बसतो, एखादी कल्पना मनात आहे पण शब्द आठवत नाही तर कुठे शोधायचा, हे सगळं त्यात. १९५२ च्या सुमारास घरातल्या जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडून तिनं सुरुवात केली. काम थोडक्यात आटपेल असं वाटलं होतं, लागली सुमारे पंधरा वर्षं. १९६६-६७ मध्ये दोन जाडजूड खंड निघाले. स्पॅनिशमध्ये 'च' आणि 'ल्ल' ही जोडअक्षरं स्वतंत्र वर्ण धरत. बाईंनी ती सरळ आपापल्या मूळ अक्षराखाली घातली. तिथल्या भाषा अकादमीनं हे मान्य केलं १९९४ साली!

ती गेल्यावर, १९८१ मध्ये, गाब्रिएल गार्सिया मार्केझनं तिच्यावर एक सुंदर लेख लिहिला. मोजे रफू करता करता कोश लिहिणारी बाई, हे तिचं चित्र तेव्हापासून जगभर फिरतंय. लेख प्रेमानं लिहिलेला आहे, पण खरं सांगू? मला ते चित्र थोडं खुपतं. त्यात गृहिणी दिसते, तिच्या हातून काढून घेतलेलं काम दिसत नाही.

मोलिनेरबाई मुळात ग्रंथपाल. १९०० साली सारागोसाजवळच्या पानिसा गावी जन्म. १९२२ मध्ये परीक्षा देऊन ती सरकारी ग्रंथपाल-अभिलेखपालांच्या सेवेत आली. १९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवायची मोहीम निघाली. वालेन्सिया भागात ती या कामात अग्रभागी होती. खेड्यातल्या ग्रंथपालासाठी तिनं १९३७ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका लिहिली, सगळ्या देशाच्या ग्रंथालयांची योजनाही आखली. तेव्हा यादवी युद्ध सुरू होतं. १९३९ मध्ये फ्रँको जिंकला. योजना बासनात गेली, बाईंना सेवाज्येष्ठतेत अठरा पायऱ्या खाली ढकललं. नवरा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, त्याचीही जागा गेली. ती परत मिळाली ती १९४६ मध्ये, सालामांकाला. बाई माद्रिदला एका इंजिनिअरिंग कॉलेजचं ग्रंथालय सांभाळू लागल्या. दिवसा नोकरी, मुलंबाळं, आणि पहाटे-रात्री कोश. गावोगावी पुस्तकं नेणारी बाई टेबलापाशी येऊन बसली ती अशी.

१९७२ मध्ये अकादमीत एक जागा रिकामी झाली. तिचं नाव सुचवलं गेलं, निवड झाली एमिलियो आलार्कोस या भाषापंडिताची. माणूस विद्वान होता, त्याबद्दल वाद नाही. ते खुद्द तिलाही मान्य होतं. पण हा कोश पुरुषानं लिहिला असता तर 'हा माणूस अजून अकादमीत कसा नाही' असं लोक म्हणाले असते, असंही ती बोलून गेली. अकादमीची पहिली स्त्री-सभासद, कवयित्री कार्मेन कोंदे, निवडली गेली १९७८ मध्ये. तोवर मोलिनेरबाईंचं मन काळवंडलं होतं. मेंदूच्या आजारानं शेवटच्या वर्षांत तिची स्मरणशक्ती गेली. हजारो शब्द चिठ्ठ्यांवर टिपून ठेवणाऱ्या बाईची!

२२ जानेवारी १९८१ रोजी ती वारली. कोश मात्र आजही सुधारून निघतो आणि तिथले लोक त्याला नावानं न ओळखता नुसतं 'मारिया मोलिनेर' म्हणतात. लहान गावांतल्या वाचनालयांसाठी स्पेनच्या सरकारनं पुढे वाचनाची एक मोहीम काढली, निवडल्या गेलेल्या गावांना पुस्तकं मिळतात. तिलाही नाव दिलंय मारिया मोलिनेरचंच.