विहाराची चावी



मागच्या महिन्यात आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरील एका गावी जाऊन आलो. तिथे एका संस्थेतर्फे शाळा सुटल्यावर मुलांचा वर्ग चालतो. तो पाहून चार ओळी लिहा, असा आमच्या एका वाचकाचा आग्रह होता. तीनदा पत्र आले, तेव्हा आम्ही निघालो.

पनवेलहून पेण, वडखळ, अलिबाग आणि पुढे मुरूडची एस.टी. रेवदंड्याची खाडी ओलांडली की एका हाताला डोंगर आणि एका हाताला समुद्र. कोर्लई, काशीदकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. आम्ही मंगळवारी गेलो, म्हणून रस्ता मोकळा होता. गावाचे आणि मुलांचे नाव इथे देत नाही. कुणाला किती वाचता येते हे छापून मुलांना खाली बघायला लावायचे नाही, असा शब्द आम्ही तिथल्या ताईंना दिला आहे. संस्थेबद्दल त्या म्हणाल्या, "आमचं नाव नको. मुलांबद्दल लिहा." म्हणून तेही देत नाही.

गावाची रचना कोकणातल्या कुठल्याही गावासारखी. मध्ये गावठाण, पाण्याच्या कडेला कोळीवाडा, एका अंगाला आपली बौद्धवाडी आणि डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाडी. वर्ग भरतो तो बौद्धवाडीच्या विहारात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, तेव्हा या विहाराचे पत्रे उडाले होते. मुंबई मंडळाने वर्गणी काढून नवे पत्रे घातले. त्या साली करोनामुळे शाळाही बंद होती. मोबाईलवर शिकवतात म्हणे, पण वाडीत मोबाईल दोन आणि तेही बाप कामावर घेऊन जाणार. त्याच दिवसांत वाडीतल्या एका मुलीने शेजारची पाच-सहा पोरे विहाराच्या ओट्यावर बसवून पाढे घ्यायला सुरुवात केली. पुढे संस्थेने तिला हाताशी धरले, आठ दिवसांचे शिक्षण दिले, थोडे मानधन चालू केले. त्याच या ताई. शिक्षण बारावीपर्यंत.

साडेपाचला मुले येऊ लागली. चपला दाराबाहेर ओळीने. पटावर तीस नावे, त्या दिवशी तेवीस हजर. पहिलीची वेगळी, दुसरीची वेगळी अशी मुले बसतील असे आम्हाला वाटले होते. तसे नव्हते. ज्यांना अक्षरे ओळखता येत नाहीत त्यांचा एक गट, शब्द वाचणाऱ्यांचा दुसरा, चार ओळींचा उतारा वाचणाऱ्यांचा तिसरा आणि गोष्ट वाचणाऱ्यांचा चौथा. इयत्ता कुठलीही असो, जिथे मूल अडले आहे तिथून पुढे न्यायचे. ही रीत 'प्रथम' या संस्थेने देशभर रुजवली. १९९५ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील बालवाड्यांपासून तिचे काम सुरू झाले.

तिसऱ्या गटात, चौथीच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून, आठवीतला एक मुलगा बसला होता. कोळीवाड्यातला. पहाटे बापाबरोबर होडीवर जातो. ताईंनी त्याला विचारले, "तीन वाटे दोनशे सत्तरला गेले, तर एक वाटा कितीचा?" प्रश्न पुरा व्हायच्या आत तो म्हणाला, "नव्वद." मग तोच हिशेब पाटीवर मांडायला सांगितला, तर पेन्सिल थांबली. भागाकाराची खूण पाहून तो बावरला. ताई म्हणाल्या, "तू तोंडानं केलंस ना, तेच आता लिहायचंय." तिघांत प्रत्येकी आधी किती गेले, उरले किती, असे विचारत त्याच्याकडूनच तो भागाकार लिहवून घेतला. पाच मिनिटे लागली. आम्ही मनात म्हटले, या पोराला 'ढ' कोण म्हणेल? आणि आजवर किती जणांनी म्हटले असेल?

हे एका गावापुरते नाही. 'प्रथम'च्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. गावोगाव घरी जाऊन मुलांना अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट वाचायला देतात. ग्रामीण भारतात पाचवीच्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सुमारे ५० होती. करोनानंतर २०२२ मध्ये ती ४३ वर आली आणि २०२४ मध्ये ४९ पर्यंत पोहोचली. म्हणजे पाचवीत बसलेले जवळजवळ निम्मे लेकरू तीन वर्षे मागे आहे. ते रोज शाळेत जाते, दप्तर नेते, पुढच्या वर्गातही जाते. आई-बापांना वाटते, पोरगा शिकतो आहे. कळते ते दहावीला, आणि तेव्हा वेळ गेलेली असते.

यात शाळेच्या गुरुजींनाच दोष देऊन चालणार नाही. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, वर सरकारी कागद भरायचे. संस्थेचा वर्ग आहे म्हणून सरकारची जबाबदारी संपते, असेही कुणी समजू नये. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये शासनाने पुढे आणला, तेव्हा कोकणातल्या वाड्यांचे काळीज हलले. सहा वर्षांचे लेकरू डोंगर उतरून दुसऱ्या गावी कसे जाणार? वाडीतली शाळा टिकलीच पाहिजे. तिच्यासाठी ग्रामसभेत भांडलेच पाहिजे. पण भांडण चालू असताना आजची संध्याकाळ निघून जाते, आणि लेकराचे वय थांबत नाही.

गोष्टीच्या गटात नववीतली एक मुलगी होती. तिची शाळा लांब आहे. गावखेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पण पास असून काय, गाडी वेळेवर आली तर! संध्याकाळची गाडी चुकली की ती अंधारात चालत घरी यायची. बापाने सांगितले, "बास झाली शाळा." ताई त्याच्याशी वाद घालायला गेल्या नाहीत. त्या मार्गावरच्या अकरा मुलींच्या आया गोळा केल्या, अर्ज लिहिला, सह्या-अंगठे घेतले आणि सगळ्या मिळून आगारात गेल्या. चौथ्या खेपेला गाडीची वेळ बदलली. मुलगी शाळेत राहिली. आम्ही पाहिले तेव्हा ती लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवत होती.

आता बाबासाहेबांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परळच्या चाळीत एकच खोली, त्यात सगळे कुटुंब. सुभेदार रामजीबाबा स्वतः रात्री जागत आणि दोन वाजता भीमाला अभ्यासाला उठवत. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. गुरुजींनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून दिली. म्हणजे बघा, शाळा होतीच. पण शाळेबाहेर बसायला एक जागा होती, उजेड होता आणि लक्ष ठेवणारे एक मोठे माणूस होते. या तीन गोष्टी नसत्या तर?

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे होती, वाचनालये होती आणि अभ्यासवर्गही होते. तेव्हा हे काम परक्या संस्थांनी आपल्याला शिकवायचे नाही. ते आपलेच आहे, आपण विसरलो आहोत.

इतरांनीही ते केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, कारण मूल शाळेत येत नसेल तर शाळेने कुरणात जावे. रायगडातच कर्जतकडे लाइट ऑफ लाइफ ट्रस्टने 'आनंदो' या नावाने माध्यमिक शाळेतल्या गरीब मुलांना हात दिला.

एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहितो. कातकरी वाडीची चार मुले सुरुवातीला वर्गात येत नव्हती. पायरीवर बसून ऐकायची. आम्हाला वाटले, गावठाणातल्या लोकांनी हरकत घेतली असेल. तसे नव्हते. हरकत आपल्याच वाडीतल्या काही घरांची होती. "ती पोरं आंघोळ करत नाहीत, सतरंजी खराब होईल." हे ऐकून आमची मान खाली गेली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली ती याच जिल्ह्यात, महाडला. २० तारखेला आपले वाडवडील चवदार तळ्यावर गेले आणि पाण्याला हात लावला. त्यांची नातवंडे सतरंजीचा हिशेब करतात?

हा प्रश्न सोडवला तो एका आजीने. विहाराची चावी तिच्याकडे असते. रोज पाचला ती दार उघडते, झाडू मारते, माठ भरते. एके दिवशी तिने त्या चारही मुलांचे हात धरून त्यांना आत आणले आणि पहिल्या ओळीत बसवले. कुणी काही बोलले नाही. दिवाळीनंतर ही मुले आई-बापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ताई प्रत्येकाची एक चिठ्ठी जपून ठेवतात: जाताना कुठल्या गटात होता. परत आला की तिथूनच पुढे.

पण हे सगळे मार्चपर्यंतच. संस्थेला मिळणारा निधी तीन वर्षांचा होता, तो संपतो आहे. पुढे काय, हे ठरवायला त्याच रात्री विहार कमिटीची बैठक होती. आम्हीही बसलो. कुणी म्हणाले, विहार वंदनेसाठी आहे, शाळेसाठी नाही. कुणी म्हणाले, भिंती खराब होतात. कुणी म्हणाले, लाईटबिल कोण भरणार? बिल किती येते ते आम्ही विचारले. महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये. बराच वेळ असेच चालले. शेवटी कोपऱ्यातून आजी म्हणाली, "चावी माझ्याकडं हाय. मी हाय तोवर दार उघडनार. म्होरलं तुमी बगा."

बैठकीत ठरले ते इतकेच: लाईटबिल कमिटी भरेल. ताईंच्या मानधनाचे काय, ते मुंबई मंडळाला विचारू. मंडळाचा निर्णय अजून आलेला नाही. ताईंना पनवेलकडे दुकानात नोकरी सांगून आली आहे. त्या किती दिवस थांबतील?

परतीच्या गाडीत आम्हाला आमच्याच गावचा विहार आठवत होता. त्याच्या वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन आम्ही चाळीचे जिने चढलो-उतरलो आहोत. फरशी छान बसवली, कमान केली, देणगीदारांच्या नावांची पाटी लावली. आज तो विहार १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर, वर्षावासाचे काही दिवस आणि एखादे लग्न एवढ्यापुरता उघडतो. बाकी वर्षभर कुलूप. तिथली पोरे संध्याकाळी कुठे बसून अभ्यास करतात, हे आम्ही कधी विचारलेच नाही. दोष दुसऱ्याचा नाही, आमचा आहे.

म्हणून मुंबईतल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आणि गावाकडच्या कमिट्यांना आमची विनंती आहे. पुढच्या बैठकीत जयंतीच्या खर्चाच्या आधी हा विषय घ्या. संध्याकाळी दोन तास विहार उघडा. दोन चांगले बल्ब लावा. वाडीतली बारावी झालेली एक मुलगी किंवा मुलगा नेमा आणि मानधन नियमित द्या. फुकट राबवू नका. गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी ठेवा, रोज एक पुस्तक घरी नेऊ द्या. मुले बसवताना इयत्ता बघू नका, वाचता किती येते ते बघा. आणि दाराशी आलेल्या कुठल्याही वाडीच्या मुलाला परत पाठवू नका. आठवीतल्या मुलांना एन.एम.एम.एस.च्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. सरकारी वा अनुदानित शाळेत शिकणारे, कमी उत्पन्नाच्या घरातले मूल त्यात निवडले गेले तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्जाची तारीख शाळेत विचारून ठेवा.

आया-बहिणींना एक सांगणे आहे. आज रात्री भांडी झाली की पाचवीतल्या आपल्या लेकराला जवळ घ्या आणि धाकट्या भावंडाचे दुसरीचे पुस्तक वाचायला सांगा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसले तरी हरकत नाही. ते अडखळते की सरळ वाचते, हे कानाला कळते. अडखळले तर रागावू नका, मारू नका. कुठे अडते ते नीट ऐका आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा. वर्ग नसेल तर विहाराची चावी कुणाकडे आहे, ते विचारायला जा.

आमच्या गावच्या चावीसाठी आम्ही पत्र टाकले आहे. उत्तर आले की कळवू.